दिवस भरल्यानंतर

'दिवस भरले' याचे मराठीत दोन अर्थ होतात. एक बाळंतपणाचा, दुसरा शेवटाचा. ड्यू डेट उलटली आणि माझ्या डोक्यात दोन्ही एकदमच फिरायला लागले.

पहिलं बाळंतपण म्हणून मी माहेरी, कोलाडला आले होते. लॅपटॉप बंद, बॅग भरलेली, आईने दुपटी धुऊन घड्या घालून ठेवलेली. तारीख मंगळवारची. मंगळवार आला आणि गेला. बुधवारपासून फोन सुरू झाले. "काय गं, काही खबर?" विचारणाऱ्यांची माया खरी होती, पण प्रत्येक फोननंतर आपण कशात तरी नापास झालोय असं वाटायचं. शुक्रवारी एका मावशीने व्हॉट्सअ‍ॅपवर नुसतं '?' पाठवलं. मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

ऑफिसात मीच सगळ्यांना सांगत असते, एस्टिमेट म्हणजे डेडलाइन नव्हे. स्वतःच्या बाबतीत तेवढं विसरले. ही तारीख काढतात ती १९व्या शतकातल्या नेगेले नावाच्या जर्मन डॉक्टरच्या नियमाने: शेवटच्या पाळीचा पहिला दिवस, अधिक ९ महिने, अधिक ७ दिवस. म्हणजे साधारण २८० दिवस, आणि तेही पाळी २८ दिवसांची धरून. नेमक्या त्या दिवशी शंभरातली जेमतेम चार-पाच बाळं येतात. आजीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "आमचा हिशेब नऊ महिने नऊ दिवसांचा. तुझा जर्मन दोन दिवस घाईत होता."

हसले, पण रात्री झोप नव्हती. डाव्या कुशीवर पडून बाळाच्या हालचाली मोजायच्या. जरा वेळ शांतता झाली की घशाला कोरड. मग एक लाथ, की परत श्वास.

शनिवारी रोह्याला तपासणी झाली. पोटाला पट्टे बांधून ठोक्यांचा आलेख काढला, गर्भजल पाहिलं. सगळं ठीक होतं. तरी डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "सोमवारपर्यंत वाट पाहू. नाहीतर संध्याकाळी अ‍ॅडमिट व्हा, कळा सुरू करून देऊ." ४१ आठवड्यांनंतर वार थकू लागू शकते, बाळाचा धोका थोडा का होईना वाढत जातो. म्हणून जागतिक आरोग्य संघटनाही या टप्प्यावर इंडक्शनची शिफारस करते. "मग सिझेरियनच होणार ना?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "नुसती वाट पाहण्यापेक्षा याने सिझेरियन वाढतं असं मोठ्या अभ्यासांत दिसलेलं नाही. पण तुमचं कसं होईल, हे आज नाही सांगता येणार." हे उत्तर प्रामाणिक होतं, म्हणून धीर आला.

टोचत होतं वेगळंच. जे आपोआप व्हायला हवं ते माझ्या शरीराला करून द्यावं लागणार.

रविवारी सकाळी बाबांबरोबर नदीवर गेले. कोरडे दिवस, तरी कुंडलिका भरून वाहत होती, राफ्टिंगवाल्यांचा आरडाओरडा चालू होता. हे पाणी मुळशीचं. सह्याद्रीपलीकडून ते भिऱ्याच्या वीजकेंद्रात उतरतं, वीज करून झाली की नदीत येतं. ते केंद्र १९२७ पासून चालू आहे. इकडे पाणी सोडतात तेव्हा नदीला जोर येतो, हे आम्हाला लहानपणापासून ठाऊक. म्हणून ती खोटी नदी आहे असं कोलाडमध्ये कुणी कधी म्हटलेलं नाही. मी बराच वेळ तिथे बसले. परत येताना नवऱ्याला फोन केला, "उद्या ये. आणि आजपासून सगळ्यांचे फोन तू घे."

तो ताम्हिणीतून, मुळशीच्या जलाशयावरून आला. सोमवारी संध्याकाळी जेल लावलं, मंगळवारी सकाळी सलाइनमधून औषध सुरू झालं. कळा खोट्या बिलकुल नव्हत्या! दुखलं, ओरडले, एकदा "घरी न्या मला" असंही म्हणाले. रात्री नऊच्या सुमारास मुलगी झाली. वजन ३ किलो १००.

तुमच्या मैत्रिणीचे दिवस उलटले असतील, तर खबर विचारू नका. डबा घेऊन जा, दुसऱ्या कशावर तरी गप्पा मारा. आणि बाळाची हालचाल कमी वाटते असं ती म्हणाली, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी तिला दवाखान्यात घेऊन जा.

मावशीच्या प्रश्नचिन्हाला उत्तर द्यायचं मात्र राहूनच गेलं.