#थ्रेड : सांबराचे शिंग, अमेरिकी चाकू आणि खानदेशातला अडकित्ता

५२५४.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात ब्रॅडफर्ड नावाचे गाव आहे. तेथे तयार झालेल्या एका घडीच्या चाकूच्या पात्यावर, अगदी बुडाशी, हा आकडा ठोकलेला असतो. ज्याला तो वाचता येतो त्याच्यासाठी ती कुंडलीच असते. ५ म्हणजे मूठ शिंगाची. २ म्हणजे पाती दोन. ५४ म्हणजे 'ट्रॅपर' नावाचा घाट.

आता त्या ५ कडे जरा थांबून पाहावे. चाकूच्या मुठीला लागणारे उत्तम शिंग म्हणजे सांबराचे, असे समीकरण तिकडच्या जाणकारांत पक्के आहे. सांबर अमेरिकेचे मूळ रहिवासी नाही. ते शिंग भारतातून जात असे. सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाला ओळखीचा असलेला हा प्राणी, तेथील कारखान्याच्या सांकेतिक भाषेत एक आकडा होऊन बसला.

फैजपूर, यावल, रावेर या पट्ट्यातून उत्तरेकडे मान वळवली की सातपुडा दिसतो. यावल अभयारण्य त्याच डोंगरात आहे आणि सांबर तेथील रहिवासी आहे. सांबराचा नर दरवर्षी शिंगे टाकतो आणि पुन्हा नवी वाढवतो. भारतातील जंगलांत पडलेली अशी शिंगे लोक गोळा करीत, व्यापारी विकत घेत आणि ती इंग्लंड, जर्मनी, अमेरिकेतील चाकूच्या कारखान्यांत पोचत. पडलेल्या शिंगांच्या आडून शिकारीची शिंगेही खपतात, ही शंका वाढत गेली आणि १९९८ साली भारताने ही निर्यात बंद केली. त्यानंतर शिंगाच्या मुठीचा भाव चढत गेला. संग्राहकांच्या बोलण्यात 'बंदीपूर्वीचे शिंग' ही एक प्रतवारीच तयार झाली. एका सरकारी आदेशाने हजारो मैलांवरच्या छंदाचे कालखंड पाडले, ही इतिहासाच्या विद्यार्थ्याला मोठी गमतीची गोष्ट वाटावी.

हा छंद नेमका काय आहे, हे आधी समजून घेऊ.

पारंपरिक अमेरिकी घडीच्या चाकूला कुलूप नसते. मुठीच्या पाठीत एक पोलादी पट्टी स्प्रिंगसारखी बसवलेली असते आणि पात्याचे बूड तिच्यावर दाबून राहते. पाते उघडताना ती पट्टी किंचित उचलली जाते आणि पाते पूर्ण उघडले की पुन्हा जागेवर बसते. तेव्हा 'टक्' असा आवाज होतो. जाणकार तो आवाज कान देऊन ऐकतात. पट्टी सैल असेल तर आवाज मरतो, घट्ट असेल तर नख मोडते. पाते मिटलेले असताना मूठ आणि पट्टी यांच्यामधून उजेड दिसतो का, हेही पाहतात. दिसला तर कारागिराचा हात कमी पडला, असे समजायचे.

घाटही कितीतरी. शेतकऱ्याचा वेगळा, गुरे राखणाऱ्याचा वेगळा, फासे लावून शिकार करणाऱ्याचा वेगळा. 'बार्लो' हा मुलांचा चाकू. मार्क ट्वेनच्या टॉम सॉयरला (१८७६) बक्षीस म्हणून मिळतो तो हाच. एका घाटाचे नाव तर चक्क 'काँग्रेस' आहे. पाठीला आतून बाक असलेला हा चाकू बहुधा चार पात्यांचा असतो. फैजपूरकरांनी हे नाव ऐकून हसू आवरावे, कारण त्यांच्या काँग्रेसकडे पुढे यायचेच आहे.

पण या छंदाचे खरे बळ घाटांत नसून ठशांत आहे. ब्रॅडफर्डच्या केस कंपनीने १९७० साली पात्यावरील ठशाखाली दहा ठिपके दिले आणि पुढे दरवर्षी एकेक ठिपका कमी केला. १९७९ च्या चाकूवर एकच ठिपका उरतो. म्हणजे भिंग घेऊन ठिपके मोजले की वर्ष हातात. त्याआधीच्या चाकूंसाठी ठशातील अक्षरांचे वळण, 'यू.एस.ए.' हे शब्द आहेत की नाहीत, अशा खुणा लागतात. १९७२ मध्ये तेथील संग्राहकांनी राष्ट्रीय पातळीवर आपली संघटना उभी केली. १९८५ मध्ये बर्नार्ड लेव्हिन यांचा जाडजूड मार्गदर्शक ग्रंथ आला. ठशांचे तक्ते, जुनी कॅटलॉगे, बनावट ठसे ओळखण्याच्या युक्त्या, पाते बदललेला चाकू कसा पकडायचा, ही सगळी विद्या या हौशी मंडळींनी जमवली. विद्यापीठे त्या वाटेला फारशी गेली नाहीत. श्रेड कंपनी २००४ साली बंद पडली, कॅमिलस २००७ साली. कारखाने गेले तरी कोणत्या वर्षी कोणता चाकू कसा निघत होता, हे आजही नेमके सांगता येते. हौस आणि हाव यांची सरमिसळ या बाजारात भरपूर आहे, बनवाबनवीही आहे. तरीही एक सामान्य, खिशात झिजणारी वस्तू दस्तऐवज म्हणून वाचण्याची शिस्त या लोकांनी लावली, एवढे श्रेय त्यांना द्यावेच लागेल.

ही शिस्त अमेरिकेत जन्मली, असे मात्र नाही. तिचे मूळ इंग्लंडमधल्या शेफील्डला आहे. तेथील चाकू-सुऱ्या करणाऱ्यांच्या संघाला पार्लमेंटच्या कायद्याने १६२४ मध्ये अधिकार मिळाले आणि प्रत्येक कारागिराचा ठसा संघाकडे नोंदवला जाऊ लागला. शिवाजी महाराजांच्या जन्माच्या सहा वर्षे आधीची ही गोष्ट. जोसेफ रॉजर्स अँड सन्स यांचा तारा आणि क्रूस असा ठसा पुढे जगभर चांगल्या पोलादाची हमी म्हणून ओळखला गेला. १८९० मध्ये अमेरिकेने मॅकिन्ली जकात लावली. शेफील्डचा माल तेथे महागला आणि देशी कारखान्यांना उभारी आली. त्याच कायद्याने १८९१ पासून आयात मालावर देशाचे नाव घालणे सक्तीचे झाले. म्हणून अमेरिकेत सापडलेल्या शेफील्डच्या चाकूवर 'इंग्लंड' हा शब्द असेल, तर तो बहुधा १८९१ नंतरचा मानतात. जकातीचा कायदा पात्यावर वाचता येतो, तो असा.

आता आपल्याकडे येऊ. आपल्याकडे चाकू जमवण्याची हौस रुजली नाही. हिंदी चित्रपटांनी रामपुरी चाकू गुंडाच्या हातात असा काही दिला, की खिशात चाकू ठेवणारा माणूस सभ्य असू शकतो हेच लोक विसरले. घरातली विळी आणि शेतातला विळा यांना मान राहिला, पण त्या जमवायच्या वस्तू नव्हेत. घडीच्या चाकूचा मान आपल्याकडे मिळाला तो दुसऱ्याच हत्याराला. हातात मावणारे, बिजागरीवर उघडणारे, धारदार, कारागिराने जीव ओतून नटवलेले आणि माणसाच्या इभ्रतीशी जोडलेले. तो अडकित्ता.

कन्नडमध्ये 'अडके' म्हणजे सुपारी आणि 'कत्तरी' म्हणजे कातर. अडकित्त्याचे नाते या शब्दांशी लावतात. सुपारीला इंग्रजीत 'अरेका' म्हणतात. तो शब्द पोर्तुगीजांनी मल्याळममधील 'अडक्क'वरून नेला. म्हणजे अडकित्ता आणि अरेका हे एकाच घरातले दोन भाऊ, एक देशावर राहिला आणि एक परदेशी गेला.

रचना साधी आहे. दोन भुजा एका टोकाला खिळ्याने जोडलेल्या. वरच्या भुजेला पोलादी धार, खालची ऐरणीसारखी. सुपारी खिळ्याजवळ धरायची आणि दुसऱ्या टोकाला दाब द्यायचा. तरफेचा हा प्रकार शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात हमखास असतो. बाहेरचे अंग पितळी, पोपट, मोर, घोडा, मिठीतले जोडपे अशा आकारांत घडवलेले. काहींना बारीक घुंगरू. धार गेली की शिकलगाराकडे द्यायचा. खानदेशात लग्न ठरणे म्हणजे 'सुपारी फुटणे'. त्या वाक्यामागे कोणाच्या तरी हातातला अडकित्ता आहे. (मुंबईच्या गुन्हेगारी जगाने पुढे 'सुपारी' या शब्दाचे काय केले, ते सर्वांना ठाऊक आहे. चाकू बदनाम झाला, सुपारीही झाली, अडकित्ता मात्र सहीसलामत सुटला.)

त्याला संग्राहकही भेटले. पुण्यातील चष्म्यांचे व्यापारी आणि 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणारे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी गावोगाव हिंडून रोजच्या वापरातल्या वस्तू जमवल्या. लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने संग्रहालय उभे राहिले. १९७५ मध्ये त्यांनी तो संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. दिवे, दौती, वाद्ये यांच्या बरोबरीने तेथील अडकित्ते पाहण्यासारखे आहेत. तलवारींपुढे रेंगाळणाऱ्या तरुण मंडळींनी त्या कपाटापुढेही थोडा वेळ द्यावा, एवढीच विनंती.

दुसरे नाव अनपेक्षित आहे. सॅम्युएल आयलेनबर्ग (१९१३–१९९८). वॉर्सात जन्मलेले, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील नामांकित गणिती. १९४५ मध्ये सॉन्डर्स मॅक लेन यांच्यासह त्यांनी 'कॅटेगरी थिअरी'चा पाया घातला. हेच गृहस्थ भारत आणि आग्नेय आशियातील शिल्पांचे मोठे संग्राहक होते आणि अडकित्तेही जमवीत. त्यांच्या अडकित्त्यांवर हेन्री ब्राउनरिग यांनी लिहिलेला स्वतंत्र ग्रंथ १९९२ साली निघाला. इकडचे सांबर तिकडच्या चाकूला मूठ पुरवीत होते आणि तिकडचा प्राध्यापक इकडचे अडकित्ते गोळा करीत होता!

फरक एकच, पण तो मोठा आहे. ब्रॅडफर्डच्या चाकूवर वर्षसुद्धा वाचता येते. अडकित्त्यावर साधारणतः काहीच नसते. ना कारागीर, ना गाव. मग जाणकार शैलीवरून प्रदेश आणि शतक ठरवतात. शैली गावोगाव फिरते, बाजारातून बाजारात जाते. बुऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावरच्या फैजपूरसारख्या गावात एखाद्या घरी निघालेला अडकित्ता खानदेशी, गुजराती की माळव्यातला, हे पितळेकडे नुसते पाहून कसे सांगणार?

फैजपूरचे नाव इतिहासात आहे ते डिसेंबर १९३६ मुळे. २७ आणि २८ तारखेला काँग्रेसचे पन्नासावे अधिवेशन येथे भरले. खेड्यात भरलेले ते पहिले. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. टिळकनगरची उभारणी शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांच्या देखरेखीखाली बांबूसारख्या स्थानिक साहित्यातून झाली. २५ तारखेला गांधीजींनी खादी आणि ग्रामोद्योगांचे प्रदर्शन उघडले. हाताने केलेल्या वस्तूंना राष्ट्रीय व्यासपीठ देण्याचा तो जाणीवपूर्वक प्रयत्न होता. अध्यक्षांचे नाव पाठ्यपुस्तकात आले, नंदलालबाबूंचे कलेच्या इतिहासात आले. बांबू चिरणाऱ्यांचे कोठेच आले नाही. ज्यांच्या हातांचा गौरव करायचा होता, त्यांच्यापर्यंत गौरव 'खेड्यातील कारागीर' या अनेकवचनात पोचला. शेफील्डच्या १६२४ च्या नोंदवहीशी ताडून पाहिले की हे अनेकवचन खटकते.

मात्र आपल्याकडे धातूवर नावे घालायची पद्धतच नव्हती, असे कोणी म्हटले तर ते चूक आहे. फैजपुरातल्या काय किंवा धुळ्यातल्या काय, कोणत्याही जुन्या घरातला पितळी हंडा उलटा करून पाहावा. ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरे सापडतात. नाव असते, गाव असते, पुष्कळदा तारीखही. ते नाव करणाऱ्याचे नसते. ते देणाऱ्याचे असते, नाहीतर मालकाचे. मामाने भाचीच्या लग्नात दिलेला हंडा, कोणा कैलासवासी माणसाच्या स्मरणार्थ वाटलेले तांबे. तिकडे पोलादावर कारखाना बोलतो, इकडे पितळेवर नातेवाईक बोलतात. दोन्ही दस्तऐवजच. आपला दस्तऐवज वाचण्याची सवय मात्र आपण लावून घेतली नाही आणि तो मोडीत किलोच्या भावाने जातो आहे.

अडकित्ता लहान, त्यावर नाव घालायला जागा नाही. पण तो एकटा क्वचितच घरात येई. तबक, तांब्या, पानाचा डबा अशा सरंजामासोबत तो रुखवतात किंवा आहेरात येई. म्हणजे शेजारच्या तांब्यावरची तारीख अडकित्त्याचे वय सांगू शकते, फक्त हे दोघे एकत्र आले हे आठवणारे माणूस घरात हवे. ही आठवण बहुतेक वेळा आजीकडे असते.

अमेरिकी संग्राहकांचा एक नियम येथे उसना घेण्यासारखा आहे. पात्यावर वापराने चढलेला करडा-निळसर रंग ते कधी घासून काढत नाहीत. त्यांच्या लेखी तो चाकूच्या आयुष्याचा पुरावा असतो. आपल्याकडे दिवाळी आली की पितळ चिंचेने लख्ख होते. हंडा वर्षानुवर्षे घासला की ठिपक्यांची अक्षरे आधी पुसट होतात आणि मग बोटालाही लागत नाहीत. तेव्हा या वेळी माळ्यावरची भांडी खाली उतरली, की चिंच भिजत घालण्यापूर्वी ती उन्हात तिरपी धरावीत, अक्षरांचा फोटो काढावा आणि कोणाच्या लग्नातली ते आजीला विचारून त्याच फोटोखाली लिहून ठेवावे.