पवनारचा रुसलेला बैल

वाचकहो, वर्ध्याहून नागपूरच्या रस्त्याला लागलात की आठ-दहा किलोमीटरांवर धाम नदीकाठी पवनार लागते. विनोबा १९३८ साली इथे राहायला आले. त्यांचा आश्रम जरूर पाहा. जमीन खणताना सापडलेली भरत-राम भेटीची मूर्तीही तिथेच आहे. बैलाशिवाय, हातांनी जमीन कसण्याचा ‘ऋषिशेती’चा प्रयोग विनोबांनी इथेच केला. तुम्हा-आम्हाला मात्र बैलावाचून भागत नाही. म्हणून आज याच गावातल्या एका बैलाची हकीकत सांगतो.

जोडी गवळाऊ. आर्वी, आष्टी, कारंजा भागातली ही पांढरी, हलक्या अंगाची, चालीला चपळ जात. २०२२ साली लम्पी आला, तेव्हा यातल्या एका बैलाला ताप भरला, अंगभर गाठी उठल्या, पाय सुजले. रोज चौघांनी दाबून धरायचे आणि सुई टोचायची. बैल वाचला, पण माणूस दिसला की दाव्याला हिसके देऊ लागला.

मी गेलो तेव्हा जखमा भरल्या होत्या आणि हरभऱ्याची पेरणी तोंडावर आली होती. मी म्हणालो, “जुंपा. कामाला लागला की येईल ताळ्यावर.” चूक माझीच. जू मानेला टेकताच त्याने उसळी घेतली आणि मालकाची पोटरी सोलवटली. घरात बैल विकायची भाषा सुरू झाली. तेव्हा घरची बाई म्हणाली, “साहेब, दुखण्यात आपणच त्याले टोचलं. आता काही दिवस न टोचता जवळ जाऊन पाहू.”

पेरणी भाड्याच्या जोडीने उरकली आणि बाईंनी काम हाती घेतले. पहिला आठवडा नुसते ढेपेचे घमेले घेऊन गव्हाणीपाशी बसणे. रोज तीच वेळ, तोच आवाज, डोळ्याला डोळा न देता. मग खांद्यावर हात. त्याने अंग चोरले की हात मागे. मग खरारा, पाठ, पाय आणि शेवटी कान. पुढे वेसणीला न धरता म्होरकीला दोर बांधून नदीच्या वाटेने फिरवणे. चार पावले चालवायचे, थांबवायचे. तो आपणहून थांबला की दोर लगेच सैल. तो सैलपणा हेच त्याचे बक्षीस. घोडेवालेही आजारातून उठलेल्या घोड्यावर लगेच खोगीर ठेवत नाहीत. आधी असाच दोर हाती धरून जमिनीवरून त्याला चालवतात.

दीड महिन्याने गोठ्यातच मानेवर रिकामे जू ठेवले. मग जोडीदाराशेजारी रिकामी बंडी. २०२३ च्या जुलैत हाच बैल कपाशीत डवरणीला चालताना मी पाहिला. बाई पुढे होत्या, दोर सैल होता.

शेतकरी बंधू-भगिनींनो, तुमचेही जनावर दुखण्यातून उठले असेल, तर आधी सूज उतरली का, चारा खाऊन नीट रवंथ करतो का, हे पाहा. पशुवैद्यकांना विचारूनच कामाला लावा. सुईसाठी धरणारा आणि ढेप घालणारा माणूस शक्यतो वेगळा ठेवा. आणि आज संध्याकाळी गोठ्यात जाऊन रिकामा हात पुढे करून पाहा. तुमचा बैल मान पुढे करतो, की मागे घेतो?