माळावरचे पाऊल

ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसेचे निरूपण येते. तेथे माउली आधी इतर मते मांडतात. औषधासाठी कोणी कंद खणतो, कोणी झाड मुळासकट उपटतो, कोणी साल सोलतो. एका जीवाला वाचवायचे म्हणून दुसऱ्याचा घात होतो, हे ते उघड करून दाखवतात. मग ज्याच्या अंगी खरी अहिंसा मुरली आहे त्याची खूण सांगताना ते त्याच्या चालण्यावर येतात. कमळातले केसर चुरगळू नयेत म्हणून भुंगा जसा हलके पाय ठेवतो, तसे त्याचे पाऊल भुईवर पडते. हे प्रकरण मी कीर्तनातून चाळीसएक वर्षे सांगत आलो. आपण वारकरी म्हणजे चालणारी माणसे. तेव्हा पावलाची ही गोष्ट खास आपल्यासाठीच आहे असे मला वाटते. आज ती एका माळाच्या निमित्ताने सांगतो.

उत्तर सोलापूर, मोहोळ, करमाळा आणि नगरकडचे कर्जत, श्रीगोंदे हा सगळा कमी पावसाचा टापू. निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून पंढरीस येते ती याच मुलखातून. तरुणपणी हरिनाम सप्ताहांच्या निमित्ताने मी या भागात पुष्कळ हिंडलो. एसटी फाट्यावर सोडून जायची आणि पुढे दोन-तीन कोस पायी. दोन्ही अंगांना माळ. मुरमाड जमीन, पवन्या, मारवेल आणि कुसळीचे गवत, मधूनच एखादी बोर, तरवड, हिवर. गावात पोहोचल्यावर कीर्तनाला उभे राहण्याआधी धोतरात रुतलेली कुसळे वेचून काढावी लागत.

कागदोपत्री अशा जमिनीला ‘पडीक’ म्हणत. नान्नजच्या बाजूला एका धनगराच्या वाड्यावर पाणी प्यायला थांबलो असता मी तोच शब्द उच्चारला. म्हातारबाबा हसले. म्हणाले, “म्हाराज, पडीक कसली? हितं समद्यांचा वाटा हाय.” आणि त्यांनी मला माळाची वाटणी समजावून दिली.

मेंढरे गवत खातात, पण एका जागी फार दिवस राहत नाहीत. त्यांच्या खुरांनी जमिनीचा पापुद्रा फुटतो, लेंड्या पडतात, पुढच्या पावसात गवत पुन्हा उठते. सुगी सरली की शेतकरी रानात मेंढरे बसवून घेतो. त्याला खत मिळते, धनगराला धान्य मिळते. दिवाळीनंतर कळप लांब जातात; काही भागांतले धनगर तर घाट उतरून पार कोकण गाठतात. तेवढे दिवस माळाला विसावा. मी विचारले, “आणि लांडगा? तो तर कोकरे नेतो.” म्हातारबाबा म्हणाले, “नेतो की. आम्ही कुत्री बाळगतो, राखण करतो. तरीबी एखादं नेतोच. त्याचाबी वाटा हाय. त्यो हाय म्हणून काळवीट पिकात ठाण मांडून बसत न्हाई.” आमच्या दृष्टान्तांत लांडगा बहुतेक वेळा क्रोधाच्या किंवा लोभाच्या रूपाने येतो. त्या माणसाच्या बोलण्यात तो भाऊबंद म्हणून आला. भांडणारा, पण वाटेकरी.

याच वाटणीत एक मोठा मानकरी होता: माळढोक. कमरेइतका उंच, वजनाला दहा-पंधरा किलोपर्यंत जाणारा, उडणाऱ्या पक्ष्यांतला अतिशय जड पक्षी. तो झाडावर घरटे बांधत नाही. मादी उघड्या भुईवर अंडे घालते, तेही बहुधा एकच. दूरवर नजर पोहोचली तरच त्याला सुरक्षित वाटते. म्हणून त्याला मोकळा माळ हवा. माळावरचे नाकतोडे आणि किडे तो खातो, बोरे खातो, शेजारच्या ज्वारी-हरभऱ्याच्या रानातही उतरतो. म्हणजे कोरडवाहू शेतकरी, मेंढपाळ, लांडगा आणि हा पक्षी, सगळे एकमेकांच्या आधाराने राहिले. माळाने त्यांना घडवले आणि त्यांनी माळाला. हे पिढ्यान् पिढ्या चालले.

मग दिवस पालटले. १९७२चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना पाण्याची किंमत सांगायला नको. खडी फोडणाऱ्या हातांत टाळ देऊन मी त्या वर्षी भजने केली आहेत. पुढे १९८० साली भीमेवरचे उजनी धरण पूर्ण झाले, कालवे आले, ऊस आला. हंडा घेऊन कोसभर जाणाऱ्या लेकीबाळींचे कष्ट कमी झाले, याबद्दल कोणी हळहळू नये. आषाढीला चंद्रभागेत स्नानापुरते पाणी असावे म्हणून उजनीतूनच पाणी सोडतात. त्याच धरणाच्या फुगवट्यावर भिगवणजवळ हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. माणसाने नवे पाणी केले आणि नवे पाहुणे आले. पण पाणी पोहोचले तिथला माळ नांगराखाली गेला, आणि माळढोकाची भुई आटत गेली.

त्याच सुमारास, १९७९ साली, माळढोकासाठी अभयारण्य जाहीर झाले. हेतू उत्तम होता. पण त्याची हद्द ८,४९६ चौरस किलोमीटर एवढी. तीत गावे आली, शेते आली, बाजारपेठा आल्या. जमिनीच्या व्यवहारांना अडथळे येऊ लागले. ज्या पक्ष्याला लोक शेजारी समजत, त्याचे नाव काढले की कपाळाला आठी पडू लागली. फार उशिरा ही हद्द कमी होऊन सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आली. दरम्यान ‘उजाड’ दिसणाऱ्या माळावर गिरिपुष्प, सुबाभूळ अशी झाडे लावली गेली. झाड लावणे हे पुण्यच. पण माळढोकाला दूरचे दिसेनासे झाले, आणि झाडोऱ्याच्या आडोशाने कुत्र्या-कोल्ह्यांना अंड्यापर्यंत येणे सोपे झाले. वरून विजेच्या तारा आल्या. या पक्ष्याला समोरचे नीट दिसत नाही आणि जड शरीरामुळे चटकन वळता येत नाही; तो तारांवर आदळून मरतो. आज सोलापूरकडे एखादा माळढोक दिसला तर वर्तमानपत्रात बातमी येते. देशात उरलेले बहुतेक पक्षी राजस्थानात, जैसलमेरच्या बाजूला आहेत.

पाणी आणणारा वाईट नव्हता, अभयारण्य करणारा वाईट नव्हता, झाड लावणारा तर नव्हताच. तिघांच्याही मनात कोणाचे तरी भले होते. माउलींनी औषधाच्या उदाहरणात बोट ठेवले ते नेमके याच जागी. भले करण्याच्या भरात पायाखाली कोण आहे हे पाहायचे राहून जाते. म्हातारबाबांना कोणी विचारले असते तर त्यांनी वाटणी सांगितली असती.

अलीकडे अनेक दिंड्या वाटेवर रोपे लावतात, याचा मला आनंद होतो. या संदर्भात वडीलकीच्या नात्याने दोन गोष्टी सुचवतो. पालखीमार्ग रुंद झाला तेव्हा जुने वड गेले. त्यांच्या जागी वड, चिंच, लिंब जरूर लावा आणि तीन उन्हाळे पाणी घाला. वडाची फळे पाखरे खातात, बी नेतात, पुढच्या पिढीची सावली तीच पेरतात. मात्र गवताचा माळ दिसला तर तिथे खड्डे खणू नका. तो रिकामा नाही, भरलेला आहे. दुसरे असे की, ज्या गावात गायरान उरले आहे तिथल्या माळकऱ्यांनी ग्रामसभेत त्याच्या बाजूने बोलावे. ते नांगरण्याचा किंवा त्यावर काही बांधण्याचा ठराव आला, तर आधी गावातल्या मेंढक्याला, गुराख्याला बोलावून घ्यावे आणि तिथे कोण कोण चरते, कोण अंडी घालते, हे त्याच्या तोंडून सर्वांना ऐकवावे.

माझे गुडघे आता वारी करू देत नाहीत. जे चालतात त्यांच्या पायांवर मी इथूनच डोके ठेवतो. त्या पायांनी माळ ओलांडताना गवतात क्षणभर पाहावे, एवढेच मागणे. कोण जाणे, तिथे टिटवीने अंडी घातली असतील.

राम कृष्ण हरी.