बुडीत खात्यातली नदी

बँकेत वीसेक वर्षं खर्डेघाशी केली, की माणसाला एक ब्रह्मज्ञान होतं : रक्कम किती, याला फारसं महत्त्व नाही, ती कुठल्या खात्याला टाकली, याला आहे. एकदा 'बुडीत' शिक्का बसला, की साक्षात कुबेराचं येणं असलं तरी त्याला कुणी विचारत नाही.

अमेरिकेत फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला एव्हरग्लेड्स नावाचा अफाट पाणथळ मुलूख आहे. त्याचं असंच झालं. सेमिनोल लोक त्याला 'पा-हाय-ओकी', म्हणजे गवताळ पाणी म्हणतात. गवत आहे, पाणी आहे. व्हाउचरप्रमाणे चोख नोंद! १७७३ साली द ब्राम नावाच्या इंग्रजांच्या मोजणीदारानं 'रिव्हर ग्लेड्स' लिहिलं. पुढे म्हणे 'रिव्हर'चं 'एव्हर' झालं. एक अक्षर इकडचं तिकडे, आणि नावातली नदीच गेली!

मग आलेल्या लोकांनी डास पाहिले, सुसरी पाहिल्या आणि खातं उघडलं : 'दलदल'. १८५० साली असल्या जमिनी उपसण्यासाठी राज्यांना देऊन टाकण्याचा कायदाच झाला. १९०४ साली ब्रॉवर्डसाहेब 'पाणी काढून टाकतो' म्हणत गव्हर्नर म्हणून निवडून आले. कालवे खणले. निम्मा मुलूख शेतांनी आणि घरांनी गिळला. शेतात काय लावलं? ऊस. आपल्याला काय सांगायला नको.

वास्तविक ते पाणी साचलेलं नव्हतंच. ओकीचोबी तळ्यापासून समुद्रापर्यंत ते वाहतं. रुंदी सुमारे ऐंशी किलोमीटर, खोली बहुतेक ठिकाणी गुडघाभरसुद्धा नाही, आणि उतार किलोमीटरला दोन-चार सेंटिमीटर. वेग असा, की त्यापुढे हेड ऑफिसचं उत्तर धावत येतं म्हणावं.

१९४७ साली मार्जरी स्टोनमन डग्लस या बाईंनी पुस्तक लिहून त्याला 'गवताची नदी' म्हटलं. तेही एका जलतज्ज्ञाला आधी विचारून. त्याच वर्षी तिथं राष्ट्रीय उद्यान झालं. दलदल उपसता येते हो. पण नदी म्हटल्यावर ती अडवली कुणी, असं विचारता येतं. शिवाय मायामीच्या नळाचं पाणी याच मुलखातून जमिनीत मुरतं, हेही लोकांच्या ध्यानात आलं. २००० साली पाणी पुन्हा वळतं करायला अब्जावधी डॉलरची योजना मंजूर झाली. वसुली अजून चालूच आहे.

तर, गेलेली 'नदी' नावात परत यायला १७४ वर्षं लागली. गंमत म्हणजे त्यातलं करवतीसारख्या कडांचं ते 'गवत'ही शास्त्राप्रमाणे गवत नव्हे, नागरमोथ्याच्या कुळातलं आहे. पण ही नोंद मात्र कुणी दुरुस्त करू नये. अजून १७४ वर्षं थांबायला पाणी उरलं पाहिजे!