लेथ विकण्याआधी मोजा

आमच्या भौतिकशास्त्र विभागाचं वर्कशॉप मी सांभाळतो. तिथला जुना लेथ निर्लेखनाच्या यादीत गेला, तेव्हा मी एवढंच मागितलं : आधी मोजू द्या, मग विका.

केरोसिननं घट्ट झालेलं ग्रीस काढलं, बेडवरचा गंज तेल लावून घासला आणि डायल गेज लावला. कॅरेज सर्वांत जास्त फिरतं त्या चकजवळच्या भागात थोडी झीज होती. बाकी बेड सरळ होता, स्पिंडलही घट्ट होता. बिडाचा जड बेड कंपनं जिरवतो. लेथचा खरा ऐवज तोच.

अडचणी दोन होत्या. लेथ ज्या नव्या खोलीत हलवायचा होता तिथे वीज सिंगल फेज आणि मोटर थ्री फेजची. मोटरच्या पाटीवर डेल्टा जोडणीला 230 व्होल्ट लिहिलेले होते. त्यामुळे टर्मिनलच्या पट्ट्या स्टारवरून डेल्टावर घेतल्या आणि व्हीएफडी बसवला. सिंगल फेजवरून तो थ्री फेज तयार करतो, वेगही बदलता येतो. मात्र वेग फार उतरवला की मोटरचा पंखाही मंदावतो आणि ती तापते. तिथे बेल्टच दुसऱ्या पुलीवर घ्यावा. उघड्या बेल्टवर जाळी बसवली, हाताशी इमर्जन्सी स्टॉप दिला.

दुसरी अडचण आटे पाडताना कॅरेज सरकवणाऱ्या लीड स्क्रूची. तो इंचाला 8 आट्यांचा आणि प्रयोगशाळेला लागणारे स्क्रू मेट्रिक. इंच म्हणजे 25.4 मिलिमीटर, म्हणून अचूक मेट्रिक आट्यांसाठी 127 दात्यांचा गिअर लागतो. 127 ही मूळ संख्या; लहान गिअर जुळवून ती साधत नाही. भोसरीत तो गिअर कापून घेतला. स्पिंडलकडे 40 आणि लीड स्क्रूवर 127 दाते लावले, की 1 मिलिमीटर पिचचा एम 6 आटा बरोबर पडतो.

असे आटे पाडताना कॅरेजला लीड स्क्रूशी जोडणारा हाफ नट उघडायचा नसतो. टूल मागे घेऊन मोटर उलटी फिरवायची असते. आमचा चक स्पिंडलच्या आट्यांवर बसतो, झटक्यानं उलटा फिरला तर सुटू शकतो. म्हणून व्हीएफडीमध्ये थांबण्याचा आणि वेग घेण्याचा अवधी वाढवून ठेवला आहे. नव्या विद्यार्थ्याला मी सर्वांत आधी हेच दाखवतो.

आज ऑप्टिक्सच्या प्रयोगांचे लेन्स होल्डर आणि स्टँडचे क्लॅम्प मुलं याच लेथवर स्वतः बनवतात.

निर्लेखनाच्या यादीवर सही करणाऱ्या विभागप्रमुखांना माझी विनंती आहे : यंत्राचं वय पाहून ठरवू नका. बेड आणि स्पिंडल गेलेले असतील तर यंत्र खुशाल विका. ते शाबूत असतील, तर मोटर, वायरिंग आणि गिअर बदलून यंत्र पुन्हा कामाला लावा.