पसरट पायांसाठी

घोड्याच्या पुठ्ठ्याच्या कातड्यात एक दाट, चिवट थर असतो. तो झाडांच्या सालीच्या अर्कात मुरवायचा, तेलामेणाने माखायचा, तासून मोकळा करायचा आणि घासून चमकवायचा, की झालं शेल कॉर्डोव्हन. शिकागोत १९०५ साली सुरू झालेल्या हॉरवीनच्या कारखान्यात या कामाला जवळपास सहा महिने देतात. एका घोड्यामागे लंबगोल तुकडे निघतात दोनच. गायीच्या कातड्याचा बूट चालून चालून सुरकुततो. हे कातडं सुरकुतत नाही, बोटांच्या सांध्याशी मोठ्या, गोलसर लाटा घेऊन वळतं, वारा पडल्यावरही खाडीला फुगवटा राहावा तसं.

न्हावा शेव्यात बसून असल्या बुटांची स्वप्नं पाहायची म्हणजे चैनच. या जमिनीला पायताण कधी मानवलंच नाही. २६ मे १९८९ला बंदर सुरू झालं. त्याआधी इथे मिठागरं, भातखाचरं आणि खाजणं. बंदरासाठी शेवा कोळीवाडा उठला, माणसं उरणला हनुमान कोळीवाड्यात गेली आणि तिथे वाळवीने त्यांची घरं पोखरली. माझा आजा ओहोटीला गुडघाभर चिखलात उतरून निवट्या, चिंबोऱ्या धरायचा. बोटं फाकवून, टाच रुतण्याआधी पुढचं पाऊल उचलून. जन्मभर अनवाणी चाललेला त्याचा पाय पुढून हातभर पसरलेला. मी क्लिअरिंगच्या धंद्यातला, कंटेनरच्या आवारात ट्रेलर चुकवत फिरणारा. चिखल मला फारसा लागला नाही. पाय मात्र त्याचेच आले.

म्हणून बुटाचा घाट निवडताना आधी ऑक्सफर्ड बाद. त्याच्या लेसच्या पट्ट्या खालून शिवलेल्या. माझ्या पायावर त्या मिटतच नाहीत, मध्ये फट राहते. ब्रोग दिसायला रुबाबदार, पण त्याच्या भोकाभोकांत इथली खारी धूळ बसणार. शिवाय ज्या कातड्याचं सगळं देखणेपण त्याच्या अखंड पाठीत आहे, त्यावर जाळी कशाला पाडायची? लोफरचा मोह मला खरंच झाला होता. आपल्याकडे दर उंबऱ्याशी बूट काढायचे, सत्यनारायणाला गेलं तर वाकून लेस सोडत बसायचं. पण लोफर पायावर टिकतो तो केवळ घट्टपणावर. पंजाला सैल घ्यावा तर टाच निसटते, टाचेला बसावा तर पंजा रडतो.

राहिला साधा डर्बी. पुढे टोपी नाही, नक्षी नाही, आणि लेसच्या दोन्ही पाळ्या दारासारख्या उघडणाऱ्या, पंजाला लागेल तेवढी जागा देणाऱ्या. रंग गडद वांगी-लाल. हॉरवीनवाले त्याला आठ नंबर म्हणतात. तळ रबरीच, कारण ओल्या काँक्रीटवर चामडी तळ घसरतो.

पावसाचं काय? कॉर्डोव्हनवर थेंब पडला की तिथे बारीक फोड उठतो. वाळल्यावर घासून बसवावा लागतो. तेव्हा जून ते सप्टेंबर बूट लाकडी साच्यावर चढवून कपाटात, आणि मी रबरी सँडलमध्ये.

अमेरिकी कंपन्या पायाच्या रुंदीला अक्षरं देतात. डी म्हणजे बेताची, माझी निघाली ट्रिपल ई. आज्याला त्या यादीत अक्षर सापडलं नसतं, आणि त्याने ते शोधलंही नसतं.