जबलपूरचा तोललेला दगड

तुम्ही सकाळी फिरायला जाता का? जात असाल तर तुमचीही एक ठरलेली वाट असेलच. आज माझ्या वाटेवर या.

आमच्या जबलपूरला मदन महलची टेकडी आहे. माथ्यावर गोंड राजांच्या काळातला छोटासा किल्ला आहे. सगळीकडे काळेकरडे प्रचंड दगड आहेत, जणू कुणी राक्षसानं गोट्या खेळून तशाच टाकून दिल्यात. त्यांतलाच एक दगड पाहायला लांबून लोक येतात. त्याला सगळे 'बॅलन्सिंग रॉक' म्हणतात. एका मोठ्या खडकावर दुसरा भलामोठा दगड अगदी थोड्याशा जागेवर टेकून उभा आहे. आता पडेल, मग पडेल असं वाटतं, पण तो पडत नाही.

हा दगड तिथं कुणी नेऊन ठेवलेला नाही. हजारो वर्षांच्या ऊन-पावसानं ग्रॅनाइटचा कच्चा भाग झिजून गेला आणि पक्का तेवढा उरला.

२२ मे १९९७. पहाटेचे सव्वाचार वाजून गेले होते आणि जमीन हादरली. जबलपूरच्या माणसाला ही तारीख विसरता येत नाही. काही सेकंदांत कितीतरी घरं पडली, माणसं गेली. आम्ही सगळे अंगणात धावलो आणि लक्षात आलं, आजी आतच राहिली. दादा मागं वळला. आई ओरडत होती, पण तो आत शिरला आणि आजीला पाठीवर घेऊन बाहेर आला. उजाडेपर्यंत सगळी गल्ली मैदानात बसून होती. कुणी हनुमानाचं नाव घेत होतं, कुणी अल्लाचं, आम्ही प्रभू येशूचं. चहा मात्र एकाच स्टोव्हवर झाला.

दुसऱ्या दिवशी कुणीतरी येऊन सांगितलं, "तो दगड आहे तिथंच आहे!"

आमचं घरही उभं राहिलं. फक्त मागच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत एक तडा गेला.

आता खरी गोष्ट सांगते. बाबा गेल्यावर त्याच भिंतीवरून माझं आणि दादाचं बिनसलं. दादा नागपूरला, मी इथं. दुरुस्तीचा खर्च कुणी करायचा, यावरून शब्दाला शब्द वाढला. "घरात तू राहतेस, तूच बघ," असं तो म्हणाला. मीही नको ते बोलले. दोन वर्षं झाली, फोन नाही. सणाला वहिनीचा मेसेज यायचा. मी फुलांचं चित्र पाठवून मोकळी व्हायची.

गेल्या आठवड्यात फिरता फिरता मी त्या दगडासमोर थांबले. रविवारी चर्चमध्ये मत्तयाच्या शुभवर्तमानाचा ७वा अध्याय वाचला होता. दोन माणसं घर बांधतात, एक खडकावर आणि दुसरा वाळूवर. हा दृष्टान्त तुम्हीही ऐकला असेल. मी लहानपणापासून समजत होते, की खडकावरचा माणूस म्हणजे देवावर विश्वास ठेवणारा, म्हणजे आपणच! पण नीट वाचलं तर पाऊस, पूर, वारा दोन्ही घरांवर येतो. आणि प्रभूचं वचन दोघांनीही ऐकलेलं असतं. फरक एवढाच, की एक ऐकून तसं वागतो, दुसरा नुसताच ऐकतो.

मी इतकी वर्षं नुसती ऐकतच आले होते का?

त्याच डोंगरावरच्या प्रवचनात, दोन अध्याय आधी, आणखी एक गोष्ट आहे. वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर. गंमत बघा, माझ्या मनात भावाविषयी काय आहे, हे तिथं विचारलेलंच नाही. त्याच्या मनात माझ्याविषयी काय आहे, हे विचारलं आहे. चूक कुणाची, याचा हिशोबही मागितलेला नाही.

मी तिथंच एका दगडावर बसले. खाली शहर जागं होत होतं. फोन हातात घेतला, ठेवला, पुन्हा घेतला. मग लावला.

"काय गं, एवढ्या सकाळी? बरी आहेस ना?" दादाचा आवाज घाबरलेला होता. भूकंपातही असाच होता.

"बरी आहे. दादा, माझं चुकलं."

तो बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, "भिंत पडली की काय?"

मी हसले आणि रडलेही.

भिंतीचा खर्च कुणी करायचा, हे अजून ठरलेलं नाही. तडा आहे तसाच आहे. पण दादा येत्या महिन्यात येतोय. पोहे-जिलेबी खाऊन दोघं टेकडीवर जायचं ठरलंय.

वाचकहो, उद्या फिरायला जाल तेव्हा फोन बरोबर असेलच. पावलं मोजायला तो आपण नेतोच. वाटेत एखादं नाव आठवलं, तर थोडं थांबा आणि फोन लावा.